पासवरचा रणजीत

ज्योतीराम माने भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वीस वर्षांपूर्वी औशाकडून चाकणला आला तेव्हा लेथ मशीनला हात लावताना घाबरायचा, स्वतःच्या लग्नात घोड्यावर बसताना घाबरला, आणि नशिबाची थट्टा अशी, की पंचेचाळिशीत नोकरी लागली ती इस्पितळात कोरोनाचे नमुने पोचवायची. तसं पाहिलं तर हे काम भित्र्याचंच आहे. बिनधास्त माणूस बर्फाचा डबा आपटतो, ब्रेक मारतो, वाटेत वडापावला थांबतो. ज्योतीराम डबा मांडीवर घेऊन बसायचा आणि नाशिक फाट्यापर्यंत ड्रायव्हरला चौदा वेळा ‘सावकाश’ म्हणायचा.

ज्या रुग्णाच्या नमुन्यात विषाणू भरपूर सापडे, तो नमुना दीक्षा नावाची टेक्निशियन फ्रीझरमध्ये वेगळा ठेवी. आठवड्यातून दोनदा ज्योतीराम ते सगळे पुण्याच्या प्रयोगशाळेत नेई. तिथे विषाणूची जनुकं वाचून तो जुनाच आहे की रूप बदलून आलाय, ते ठरवत. रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस लागत. तोवर माणूस बरा तरी होई, नाहीतर जाई तरी. ‘मग उपयोग काय हो?’ त्याने एकदा इस्पितळातल्या डॉक्टर विजयश्री मॅडमना विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, ‘त्याला नाही उपयोग. त्याच्या शेजारी बसलेल्याला आहे.’

२०२१ च्या डिसेंबरात, टीव्हीवर ओमायक्रॉनचा घोष सुरू असताना, मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. हातात एक कागद होता.

“ज्योतीरामभाऊ, कुरुळीतल्या कामगारांच्या खोल्या तुमच्या पायाखालच्या आहेत ना? हा बघा पेशंट. चार तारखेचा स्वॅब, नवा प्रकार निघालाय. परदेशात जाणं सोडा, हा पुण्यापलीकडे गेलेला दिसत नाही. म्हणजे इथेच कुणाकडून तरी लागलाय. फोनवर लोक नीट सांगत नाहीत, जा आणि आधी त्याला समोर गाठा. नाव रणजीत भोंग, वय चोवीस, वेल्डिंग शॉप.”

ज्योतीरामने कागदावरचं नाव पुन्हा वाचलं. तो खुर्चीला धरून उभा राहिला.

“आपण त्याला सात दिवस रोज फोन केलाय,” मॅडम कागद चाळत म्हणाल्या. “ताप नाही, घरीच आहे, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. अगदी शहाणा पेशंट.”

शहाणा पेशंट त्या सातही दिवसांत तीनशे किलोमीटरवर तुरीच्या रानात होता, हे त्या केबिनमध्ये एकट्या ज्योतीरामला ठाऊक होतं. कारण ही सोयरीक त्यानेच जुळवली होती. रणजीत त्याच्याच गावचा. बाप आजारी पडला म्हणून दोन महिने गावी निघाला, तर ठेकेदार यादीतून नाव उडवणार. इकडे ज्योतीरामचा पुतण्या सुजित कामाविना घरात बसलेला. मग गावकी मधे पडली. रणजीतच्या कंपनीच्या गेटपासवर सुजित जाऊ लागला. तोंडावर मास्क, डोक्यावर हेल्मेट. गेटवर कोण कुणाचं थोबाड बघतंय? असले धंदे पूर्वीही चालत, मास्कने फक्त ते सोपे केले. ज्योतीरामने दोघांना बजावलं होतं, “कुनी बी ईचारलं तरी पासवरचंच नाव सांगायचं.” चार तारखेला कंपनीत सगळ्यांचे स्वॅब घेतले, तेव्हा सुजितने काकाचा शब्द पाळला. नाव रणजीतचं, फोन नंबर रणजीतचा, घशातला विषाणू मात्र सुजितचा. दुसऱ्या दिवसापासून मशीनच्या दुरुस्तीसाठी कंपनी आठ दिवस बंद झाली आणि सुजित मोशीला ज्योतीरामच्या घरी येऊन राहिला.

ज्योतीराम मुकाट्याने बाहेर पडला, मोटारसायकल काढली आणि कुरुळीच्या फाट्यावर येऊन थांबला. रणजीतला फोन लावला.

“काका, रोज एक मॅडम फोन करायच्या,” रणजीत म्हणाला. “ताप हाय का? नाय म्हनलं. घरीच हाव का? घरीच हाव म्हनलं. मी कुठं खोटं बोललो?”

“आन् ऑक्सिजन?”

“त्या म्हनल्या पंच्याण्णवच्या वर हाय ना. मी म्हनलं, अठ्ठ्याण्णव हाय.”

“अरं, मग मला का नाय सांगितलास?”

“मला वाटलं पासची चौकशी चाललीय. तुमीच म्हनला व्हता की, कुनी बी ईचारलं तरी मीच कामावर हाव म्हनून सांगायचं.”

फोन ठेवून ज्योतीराम दिवस मोजू लागला. पाच तारखेपासून बारापर्यंत सुजित घरात. पहिले दोन दिवस घसा धरला म्हणाला, ज्योतीरामच्या बायकोने, सुमनताईंनी, त्याला सुंठ-गुळाच्या गोळ्या करून दिल्या, सगळे विसरले. आणि त्याच दोन खोल्यांत रुपाली. त्याची एकुलती एक लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना लागलेला. लहानपणापासून दम्याची. लस बाळाला बाधेल म्हणून सासरच्यांनी घेऊ दिली नव्हती. दोघं चुलत भावंडं एकेक इअरफोन कानात घालून एकाच मोबाइलवर सिनेमे बघत होती, एका ताटात मटार सोलत होती.

त्याने घरी फोन लावला.

“पप्पा, येताना पेरू आना,” रुपाली म्हणाली. मधेच थांबली, श्वास घेतला. “जिना चढून आले. काय झालं? बोला की.”

“काय नाय,” ज्योतीराम म्हणाला. त्याने फोन बंद करून खिशात टाकला.

सुटायची वाट होती, आणि ती समोरच होती. कुरुळीला जायचं, रणजीतच्या खोलीला कुलूप बघायचं, आणि कागदावर लिहायचं, रुग्ण गावी गेला. शब्दन् शब्द खरा. सुजितचं काम टिकलं असतं, रणजीतचं नाव टिकलं असतं, त्याची स्वतःची नोकरीही. अर्धा तास तो त्या फाट्यावर उभा होता. कंपन्यांच्या बसेस धुरळा उडवत जात होत्या, आणि प्रत्येक बसमध्ये त्याला मास्क खाली ओढून गप्पा मारणारे सुजितच दिसत होते.

शेवटी तो परत फिरला. त्याच्या हिमतीचं कौतुक करायला जाऊ नका, हिंमत त्याच्याकडे नव्हतीच. नोकरी जायच्या भीतीपेक्षा लेकीची भीती मोठी निघाली, एवढंच. ती आतून गुदमरत असेल आणि डॉक्टरांना कशाने ते माहीतच नसेल, हे चित्र त्याला सहन होईना.

त्याने सगळं सांगितलं तेव्हा मॅडम ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “सुजित आत्ता कुठे आहे?”

“सेकंड शिफ्टला.”

“तेरा तारखेपासून रोज?”

“रोज.”

मॅडमनी डोळे मिटून घेतले. मग फोन उचलला.

संध्याकाळपर्यंत कंपनीच्या गेटवर स्वॅबच्या रांगा लागल्या, आणि मोशीच्या घरात पांढऱ्या पोशाखातली माणसं शिरली. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. शिफ्टवरून आणलेल्या सुजितसकट चौघांचे स्वॅब घेतले. रात्रभर ज्योतीराम रुपालीच्या श्वासाकडे कान लावून बसला, अंतर राखून, दारापाशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमचाच फोन आला. सुजित निगेटिव्ह, त्याचं येऊन गेलेलं. सुमनताई निगेटिव्ह. रुपाली निगेटिव्ह.

 ज्योतीरामने हात जोडले. कुणाला जोडले ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“ज्योतीरामभाऊ,” मॅडम म्हणाल्या, “तुमचा पॉझिटिव्ह आहे. विषाणू भरपूर आहे. घरापासून वेगळे व्हा, गाडी पाठवते. आता नीट आठवून सांगा, गेल्या चार-पाच दिवसांत इस्पितळात कुठे कुठे बसलात? मास्क काढून.”

त्याने आठवलं.

“बाळंतिणींच्या वॉर्डात,” तो म्हणाला. “सिस्टरांच्या खोलीत. रोज चहाला. रुपालीला चांगली खाट ठेवा म्हनून सांगायला जायचो.”

मॅडमनी फोन न ठेवताच पलीकडे कुणाला तरी वॉर्डाचं दार बंद करायला सांगितलं.

चाचण्या होईपर्यंत वॉर्डात नवी बाई घ्यायची नाही, असं ठरलं. आत सात बाळंतिणी होत्या, त्यांची बाळं होती. दोन सिस्टरना त्या रात्रीच ताप चढला. विलगीकरणाच्या खोलीत ज्योतीरामला ना खोकला होता ना कणकण, आणि तरी तो अंगावर चादर ओढून कुडकुडत होता. झोप लागली की वॉर्डातली बाळं रडताना ऐकू येत, जाग आली की ती गप्प का झाली याची धास्ती.

तिसऱ्या दिवशी सकाळी रुपालीचा फोन आला. मागे रिक्षाचा आवाज, आणि सुमनताई कुणाला तरी लवकर चला म्हणत होत्या.

“पप्पा, कळा सुरू झाल्यात. तुमच्याकडं घेत नाईत, दुसरीकडं चाललोय.” ती थांबली, कण्हली, पुन्हा बोलू लागली. “तिथं दारातच ईचारतेत म्हनं, घरात कुनी पॉझिटिव्ह हाय का. काय सांगू?”

“खरं सांग,” ज्योतीराम म्हणाला.

“आन् नाय घेतलं तर?”

 रिक्षा कुठल्याशा सिग्नलला थांबली होती, आणि रुपाली उत्तराची वाट बघत होती.