आधी पुसा, मग बोला

पावडरकाकांच्या अंगाला नेहमी टाल्कम पावडरीचा वास येई, पण त्यांनी ती चेहऱ्याला लावलेली कुणी कधी पाहिली नाही. डबा स्कूटरच्या डिकीत असे, नट आवळायचे पाने आणि चिंध्या यांच्या शेजारी. गाडीच्या इंजिनातून तेल कुठून गळतंय हे शोधायला ते पावडर वापरत. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीतली मुलं त्यांना पावडर अंकल म्हणत. तिथल्या चार-पाच मराठी घरांत ते पावडरकाका झाले.

एका सरकारी खात्याच्या वर्कशॉपमधून ते निवृत्त झाले, तेव्हा सोसायटीत घरोघरी पहिली गाडी येत होती. ज्यांनी स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावला होता, ते आता आठवड्याभरात गाडी घेऊन येत. नारळ फोडला जाई, पेढे वाटले जात. पण बॉनेटखाली काय असतं ते कुणालाच ठाऊक नसे. सिमेंटवर काळा ठिपका दिसला की घर हादरे. मग काकांना बोलावणं जाई. मालक मेकॅनिकपासून पेट्रोल पंपापर्यंत सगळ्यांना दोष देऊ लागे. काका हात वर करून त्याला थांबवत. "आधी पुसा, मग बोला."

पुसणं हे खरोखरचं पुसणं असे. रॉकेलच्या बोळ्याने सगळं इंजिन स्वच्छ करायचं, वाळू द्यायचं, वरून पावडर भुरभुरायची आणि पंधरा मिनिटं ते चालू ठेवायचं. पांढऱ्यावर काळी रेघ उमटली की ती धरून वर वर जायचं. "तेल सुटतं वर," ते म्हणत, "अंगावरून ओघळतं, आणि पडतं तिथे आपण भांडत बसतो."

आमच्या गाडीखाली ठिपका पडला त्या वर्षी मी कॉलेजात होते. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी आणि सोसायटीचे सेक्रेटरी. गेटजवळ शमीम नावाचा मेकॅनिक पेटी घेऊन बसे. त्याने गुरुवारी आमच्या गाडीचं तेल बदललं होतं, आणि सोमवारी ठिपका दिसला. खालचा बोल्ट त्याने नीट बसवला नाही, असं बाबांनी ठरवून टाकलं. त्याला गेटवरून उठवायचा ठराव मांडतो, म्हणाले. शमीमचं घर त्या गेटवरच्या कामावर चालत होतं.

काका आले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशन व्हायचं होतं. त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. "दिसलं ते सांग. वाटलं ते नको."

पुसून, पावडर टाकून, इंजिन चालवून झालं. मी आधी खाली वाकून पाहिलं. बोल्ट कोरडा होता. मग रेघ धरून वर गेले. ती इंजिनाच्या वरच्या झाकणापाशी, मागच्या कोपऱ्यातल्या नटाखाली सुरू होत होती. तिथलं रबरी पॅकिंग चेपून बाहेर आलं होतं. मी तसं सांगितलं. बाजूला उभा असलेला शमीम हळूच म्हणाला, "ये तो मैंने छुआ ही नहीं, काकाजी. किसी ने ज़्यादा कस दिया है."

कुणी ते मला माहीत होतं. रविवारी सकाळी बाबांनी नवा पान्यांचा सेट उघडला होता, आणि गाडीचं पुस्तक समोर ठेवून, मानेच्या शिरा फुगेपर्यंत एकेक नट आवळला होता. इतके खुशीत मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं. आता ते घड्याळाकडे बघत होते.

"एवढंच दिसलं?" काकांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले.

दिसलं तेवढं मी सांगितलं. पाहिलं होतं ते सांगितलं नाही. काकांनी माझ्या हातातून टॉर्च घेतला. मग नवं पॅकिंग टाकायला त्यांनी शमीमला सांगितलं, आणि बाबांना म्हणाले, खालचा बोल्ट कोरडा आहे, शमीमला उठवू नका. बाबा बिल्कुल, बिल्कुल म्हणाले. ठराव मांडायचा राहिला. पण सेक्रेटरींची गाडी शमीमने बिघडवली, ही बातमी तोवर सगळ्या ब्लॉकमध्ये फिरली होती आणि ती खोडायला कुणी गेलं नाही. कित्येकांनी त्याच्याकडे गाडी देणं सोडलं. तो तिथेच बसे, बराच वेळ रिकामा.

काकांनी हा विषय आमच्या घरी पुन्हा काढला नाही. दर शनिवारी चहाला येत, बाबांशी राजकारणावर वाद घालत. पुढे मी लग्न होऊन गुडगावला गेले, पुस्तकांचं संपादन करू लागले. दुसऱ्याच्या वाक्याखाली रेघ मारण्याआधी आजही माझा हात थबकतो. इथे चूक आहे, की चूक वर कुठेतरी झाली आहे आणि इथे नुसती पडली आहे?

त्या ठिपक्यानंतर अकरा वर्षांनी काका गेले. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. बाबा भाषण लिहून घेऊन उभे राहिले, कागदाकडे थोडा वेळ पाहिलं आणि तो घडी करून खिशात ठेवला. दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ शमीम उभा होता. त्याच्याकडे बघत बाबा म्हणाले, "उस साल मेरी गाड़ी शमीम ने नहीं बिगाड़ी थी. नट मैंने कसे थे." एवढं बोलून ते खाली बसले.

सभा संपल्यावर मी शमीमला गाठलं. म्हटलं, मीही त्या दिवशी गप्प राहिले होते.

"पता है, बिटिया," तो म्हणाला. "काकाजी ने इतवार को अपनी खिड़की से साहब को नट कसते सुना था. जिस दिन गाड़ी देखी, उस शाम मुझे बता गए थे. बोले, साहब एक दिन खुद कहेंगे, तू रुक जा."

त्याने चपला शोधल्या, पायात घातल्या.

"मैं तो रुक गया," तो म्हणाला. "काकाजी ही नहीं रुके."