आठ फुटांत दोन इंच

ओहायोतल्या वेस्ट हार्लनच्या इंजिन कारखान्यात ओंद्रेय कुबिशने सत्तावीस वर्षं काढली, ती लाकडावर. लोखंडाच्या कारखान्यात सुताराचं काय काम, असं कुणी विचारलं की तो नुसता बघायचा. पोलाद ओतायचं तर वाळूत साचा उठवायला आधी लाकडी नमुना लागतो, आणि ओतलेलं पोलाद थंड होताना फुटामागे पाव इंच आखडतं. म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. दरवेळी आकडेमोड नको म्हणून या सुतारांच्या फूटपट्ट्याच वाढीव असतात. दिसायला पट्टी चारचौघींसारखी, पण तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून पाव इंच लांब. ओंद्रेयच्या घरातही तीच एक पट्टी होती. त्या पट्टीने मापून केलेलं कपाट स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात शिरेना, तेव्हा त्याची बायको मार्गिता शेजारणीला म्हणाली होती, "आमच्याकडे भिंतीच आखडतात."

एकोणीसशे एकावन्न साली कारखान्याने वाफेची इंजिनं बंद करून डिझेल-इलेक्ट्रिकचं नवं मॉडेल काढायला घेतलं. त्यात ओतीव भाग थोडे, पत्रे कापून जोडलेलेच जास्त. चाळीस सुतारांतले अकरा उरले. त्या अकरांच्या हाताला काम म्हणून नव्या इंजिनाची ड्रायव्हरची केबिन लाकडात बांधायला दिली. रेल्वेवाल्यांनी आधी तीत बसून बघायचं, पसंत करायचं, मग पोलाद कापायचं, अशी तिथली रीत. ओंद्रेय त्यांचा मुकादम. नकाशात केबिनची लांबी आठ फूट होती, त्याने आठ फूट मापली. मागच्या भिंतीला खुर्ची आणि पुढच्या भिंतीला ब्रेकचा स्टँड, हे दोन्ही मात्र स्टोअरमधून खरेखुरे आणून बसवले. तपासनीस आला, त्यानेही पट्टी लावली आणि मान डोलावली. तोही त्याच खात्यात वाढलेला, त्याच्या खिशातही तसलीच पट्टी.

ड्रायव्हरांच्या वतीने केबिन बघायला आला वेंडेल, मार्गिताचा धाकटा भाऊ. सव्वासहा फूट उंची, पोटाचा घेर वेगळा. तो खुर्चीत बसला आणि त्याने गुडघे इकडेतिकडे हलवून पाहिले.

"दाजी, पहिल्यांदाच कुणीतरी माणसाच्या मापाचं इंजिन केलंय."

"तुला माणूस कुणी म्हटलं?"

"तुमच्या बायकोला विचारा," वेंडेल म्हणाला आणि त्याने कागदावर सही ठोकली. साठ इंजिनांची ऑर्डर निघाली.

पुढच्या वसंतात पहिली इंजिनं रुळावर गेली. महिन्याभराने वेंडेल रविवारी जेवायला आला तो पाय ओढत. मार्गिताने हालुश्की, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्या, वाढल्या, त्याने पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकला.

"गुडघा स्टँडला टेकतो हो. दहा-दहा तास हादरे खायचे. लाकडाच्या डब्यात कसा टेकला नव्हता, कळत नाही. आणि सगळे मलाच शिव्या घालतात, सही कुणाची म्हणून."

ओंद्रेयचा घास तोंडातच राहिला. डबा कुठल्या पट्टीने मापला होता, हे त्याला तिथल्या तिथे आठवलं.

सोमवारी त्याने मशीन शॉपमधून साधी पट्टी मागून आणली आणि शेडमध्ये पडलेली लाकडी केबिन मापली. आठ फूट दोन इंच. खुर्ची आणि स्टँड खऱ्या मापाचे, ते काही वाढलेले नव्हते. वाढलेले दोन्ही इंच वेंडेलच्या गुडघ्यापुढे जाऊन बसले होते.

तसाच तो डिझाइनच्या लिंडक्विस्ट साहेबांकडे गेला आणि चूक कबूल केली.

"इंजिन नकाशाप्रमाणे आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"आहे. पण माणूस बसत नाही."

"नकाशात माणूस नाहीये, कुबिश."

"स्टँड जरा सरकवला तर?"

"त्याच्या खाली ब्रेकच्या नळ्या आहेत. एकोणीस इंजिनं गेली, उरलेल्यांचं पोलाद कापून झालं."

"मग चूक माझी होती, एवढं तरी रेल्वेला लिहून द्या. सही करणारा तो बिचारा उगाच बोलणी खातोय."

"लिहिलं तर साठही परत येतील. घरी जा. आणि तो डबा फोडून टाका, उगाच जागा अडवतोय."

साहेब आवाज न चढवता बोलले, त्यामुळे भांडायलाही काही उरलं नाही. लाकूड असतं तर ओंद्रेयने रात्रंदिवस रंधा मारून दोन इंच काढले असते. पोलादापुढे त्याचं काही चालत नव्हतं. त्याने केबिन स्वतःच्या हाताने फोडली आणि फळ्या भट्टीकडे पाठवल्या.

ऑगस्टमध्ये डॉक्टरने वेंडेलला त्या खुर्चीत बसायची बंदी केली. एकोणीस वर्षं चालवलेली लांब पल्ल्याची गाडी सोडून त्याने यार्डात, वाफेच्या जुन्या इंजिनावर डबे ढकलायचं काम घेतलं. तेही ती इंजिनं भंगारात जाईपर्यंत. हे सांगायला तो आला, तेव्हा ओंद्रेयला राहवेना. पट्टीचं, साहेबांचं, सगळं त्याने सांगून टाकलं.

"किती फरक होता?" वेंडेलने विचारलं.

ओंद्रेयने अंगठा आणि बोट लांबवून दाखवलं.

"एवढाच?"

तो ओरडला असता तर ओंद्रेयला बरं वाटलं असतं. वेंडेल गुडघा चोळत राहिला.

"काय मस्त बसलो होतो हो त्यात," तो म्हणाला. "कुठाय तो डबा? एकदा परत बसून बघतो."

"फोडला," ओंद्रेय म्हणाला. "मीच फोडला."