साडूभाऊंचा हंगाम

छंद हा माणसाचा विरंगुळा असतो असं ज्याने म्हणून ठेवलंय, त्याला माझ्या साडूसारखा साडू नसावा. आमच्या साडूभाऊंना छंद लागतो तो साथीचा रोग लागावा तसा, म्हणजे आधी त्यांना आणि मग जवळच्या सगळ्यांना. आणि ते बरे झाले तरी आम्ही पुढे कितीतरी दिवस अंथरुणात असतो. एका उन्हाळ्यात त्यांनी मेलबर्नच्या एका टोकाला, क्रेगीबर्नला, आपल्या घरामागच्या टीचभर अंगणात मधमाश्या पाळल्या. पेटी त्यांची, पुस्तकं त्यांची, जाळीची टोपी त्यांची. माश्या मात्र मला चावल्या, कारण टोपी एकच होती आणि झाकण धरायला दुसरा माणूस लागत होता. त्याच्या पुढच्या वर्षी सूर्यचूल आली. मेलबर्नच्या आभाळाखाली सूर्यचुलीवर वरण शिजवणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. आम्ही दुसऱ्या टोकाच्या ग्लेन वेव्हर्लीहून, म्हणजे आमच्या घरून, जेवायला म्हणून जायचो आणि दर दहा मिनिटांनी चूल ढगामागच्या सूर्याकडे वळवत बसायचो. शेवटी ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आत जाऊन मुकाट्याने गॅस पेटवायची आणि साडूभाऊ पहिला घास घेऊन म्हणायचे, "उन्हात शिजलेल्या वरणाची चवच वेगळी." ते वयाने मोठे, मानाने मोठे. म्हणून मी त्यांना अहोजाहो करतो, आणि ते सांगतात ते करतो.

पण हे सगळं परवडलं असं म्हणायची पाळी आइस हॉकीने आणली. साडूभाऊ मूळचे पुण्याचे, पुलांचे आराखडे करणारे इंजिनियर. गेल्या वर्षी उन्हाळा संपता संपता त्यांचा प्रकल्प गुंडाळला गेला आणि त्याबरोबर त्यांची नोकरीही. त्याच सुमारास त्यांच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, मैत्रिणीचा वाढदिवस शहरातल्या बर्फाच्या रिंकवर होता. मुलीला सोडून घरी परतायचं एवढंच त्यांचं काम. पण शेजारच्या रिंकवर टीमची प्रॅक्टिस चालली होती आणि हे काचेला नाक लावून उभे राहिले. पायात पाती बांधलेली, कपाटाएवढी माणसं एका काळ्या रबरी चकतीमागे धावताहेत, एकमेकांना भिंतीवर आपटताहेत आणि उठून पुन्हा धावताहेत. त्या चकतीला पक म्हणतात. त्यातला एक काचेशी आला आणि यांना म्हणाला, "हाउ यू गोइंग, मेट?" झालं. नोकरी गेल्यापासून त्यांची चौकशी इतक्या मोकळेपणी कुणी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी मला फोन आला, की आपण दोघांनी सीझनची मेंबरशिप घेतली आहे. आपण म्हणजे कोण, हे विचारायची मला गरज वाटली नाही.

टीम आमच्याच शहराची, राष्ट्रीय लीगमध्ये खेळणारी. लीग राष्ट्रीय असली तरी ती चालू आहे याची राष्ट्राला फारशी कल्पना नसते. पगार घेऊन खेळायला कॅनडाहून आणलेले दोघेजण सोडले, तर बाकीचे आठवडाभर आपापली कामं करत. कर्णधार सुतार होता, एकजण फिजिओ होता, आणि गोलरक्षक, ज्याला तिथे सगळे गोली म्हणतात, तो घरोघरी वायरिंग करायचा. साडूभाऊ या सगळ्यांबद्दल घरच्या माणसांसारखे बोलत. एकदा पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला असताना ते सुस्कारा टाकून म्हणाले, "सध्या फक्त गोलीवर निभावतंय." सासूबाईंच्या चेहऱ्यावर काळजी दाटली. "लागू पडली असेल तर बंद करू नका हो," त्या म्हणाल्या, "नोकरी गेल्यावर बीपी चढतंच." तो गैरसमज दूर करायला आम्हाला अर्धा तास लागला आणि तो पुरता झाला असं मला आजही वाटत नाही.

मॅच शनिवारी अरवोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, असायची. रिंकच्या आत इतकी थंडी, की बाहेरचं जुलैतलं, म्हणजे ऐन हिवाळ्यातलं, मेलबर्न उबदार वाटावं. साडूभाऊ माकडटोपी, त्यावर टीमचा निळा स्कार्फ, हातात आल्याच्या चहाचा थर्मास आणि पिशवीत खिचडीचा डबा अशा थाटात यायचे. बसणं त्यांना मंजूर नव्हतं. उभं राहून ते टीमला मराठीत सूचना करत, त्याही क्रिकेटच्या भाषेत. "अरे सिंगल घे, सिंगल," असं ते कॅनडाच्या त्या धिप्पाड माणसाला सांगायचे तेव्हा मी आजूबाजूच्यांकडे बघून कसनुसं हसायचो आणि भाची त्यांचा कोट ओढत म्हणायची, "बाबा, प्लीज सिट डाउन." मागच्या रांगेतले लोक मात्र त्यांच्यावर खूष होते. पुढे पुढे तर टीम सुस्तावली की तेच यांना खुणावत, की आता तुम्ही काहीतरी बोला.

इथवर मी सहन केलं असतं. पण तिसऱ्या की चौथ्या मॅचला आम्ही तीन गोलांनी मागे असताना मी टॉयलेटला गेलो आणि परत येईतो आमचे दोन गोल झाले. मी जागेवर बसलो आणि लगेच पलीकडच्यांनी चौथा घातला. साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. पुलाला तडा कुठून गेला ते सापडल्यावर इंजिनियर पाहील तसं पाहिलं.

"तू जरा पुन्हा जाऊन ये," ते म्हणाले.

मी विनोद समजून हसलो. ते हसले नाहीत. मी गेलो, आणि माझ्या दुर्दैवाने आणखी एक गोल झाला. मॅच आम्ही हरलोच, पण माझा पायगुण त्या दिवशी शास्त्रीय पद्धतीने सिद्ध झाला. तिथून पुढे माझा हंगाम ठरून गेला. ग्लेन वेव्हर्लीहून गाडी हाणत शहरात यायचं, पार्किंग शोधायचं, स्कार्फ घालायचा, सगळ्यांना हाय म्हणायचं आणि टीम मागे पडली की बाहेर जाऊन चिप्सच्या खिडकीशेजारी उभं राहायचं. टीम बहुतेक वेळा मागेच असायची. एकदा मी सरळ सांगून पाहिलं, की अहो, मी मॅच बघायला येतो. त्यावर ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "बघायला मी आहे ना. तू जिंकण्याचं बघ." चिप्सच्या खिडकीतल्या बाईची समजूत अशी, की मी कधीतरी आत दंगा केला असणार आणि म्हणून मला बसू देत नाहीत. ती माझ्याशी जपून बोलायची आणि मीठ जास्त द्यायची. घरी बायको विचारायची, मॅच कशी झाली. मी सांगायचो, आवाजावरून तरी बरी वाटली. मे उलटला, जून उलटला, आणि मी आमच्या टीमचा एकही गोल डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

एका रविवारी मी वैतागून त्यांच्या घरी गेलो, मेंबरशिप दुसऱ्या कुणाला द्या असं सांगायला. साडूभाऊ गॅरेजमध्ये होते. भिंतीवर चकती मारल्याचा आवाज येत होता. ताई ओट्याशी भाजी चिरत होती. मी तिच्यापुढे सगळी तक्रार मांडली, मधमाश्यांपासून. मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "आजवर किती इंटरव्ह्यू झाले ते आता मीही विचारत नाही. सोमवार ते शुक्रवार तो त्या एकाच टी-शर्टमध्ये असतो. शनिवारी सकाळी मात्र उठून दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो. तुला जमेल तितकं ये." आणि पुन्हा भाजी चिरू लागली. तेवढ्यात साडूभाऊ आत आले आणि मला बघून म्हणाले, "बरं झालं आलास. त्या खिडकीपाशी तू नेमका कुठे उभा असतोस? डाव्या बाजूला उभा राहत जा." मी बरं म्हटलं.

कशाने ते देव जाणे, पण जुलैत टीम जिंकायला लागली. सुताराला सूर सापडला, गोली कुणाला दाद देईना. मी डाव्या बाजूला उभा होतो, हे कारण साडूभाऊंच्या मते स्वयंसिद्ध होतं. शेवटचा साखळी सामना जिंकला तर सेमीफायनल, हरलो तर हंगाम खलास, अशी वेळ आली. आणि त्याच आठवड्यात त्यांना नोकरी लागली. टूवूंब्याला, म्हणजे पार दुसऱ्या राज्यातल्या गावी, रस्ते आणि पूल बांधणाऱ्या एका छोट्या कंपनीत, रुजू व्हायचं सोमवारी. ताई आणि मुलगी शाळेचं वर्ष संपलं की मागून जाणार. सेमीफायनल त्यांना मिळणारच नव्हती. मला वाटलं, हा माणूस आता तारीख पुढे ढकलायला निघेल आणि आम्हा सगळ्यांना त्यांची समजूत घालावी लागेल. तसं काहीच झालं नाही. त्यांनी लगेच हो कळवलं आणि शनिवारी नेहमीसारखा थर्मास घेऊन रिंकवर हजर झाले.

त्या दिवशी मी कुणी सांगायची वाट न बघता पहिल्या शिट्टीलाच बाहेर जाऊन उभा राहिलो. मॅच तीन भागांत असते. दोन भाग संपले तेव्हा दोन-दोन बरोबरी असल्याचं खिडकीतल्या बाईने मला कळवलं. तिसरा भाग अर्ध्यावर आला असेल, तोच दार उघडलं, आतली थंडी अंगावर आली आणि पाठोपाठ साडूभाऊ बाहेर आले. माकडटोपी हातात होती.

"तू आत जा," ते म्हणाले. "मी थांबतो इथे."

मला काही कळेना. मी विचारलं, बरं वाटत नाहीये का.

"बरा आहे मी. पण हंगामभर तुला उगाच बाहेर काढलं. तिथे तर कायम मीच उभा होतो. पायगुण माझाच वाईट असेल कदाचित."

ते हॉकीबद्दल बोलताहेत असं मी धरून चाललो. असलं काही नसतं हो, हे वाक्य मी एप्रिलपासून तोंडात घोळवत होतो, चांगलं ठसक्यात बोलायचं म्हणून. ते तेव्हा बोललो, पण ठसका आला नाही. त्यांनी मला दाराकडे ढकललं.

आत भाचीने मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "काका, यू कान्ट बी हिअर," ती म्हणाली. बाबांनीच पाठवलंय म्हटल्यावर ती बाजूला सरकली. मी साडूभाऊंच्या जागेवर उभा राहिलो. पक कुठे आहे ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही. माणसं उजवीकडे गेली, डावीकडे आली, गोलच्या मागे दोघे काचेवर आपटले, मग गोलपुढे पाचसहा जणांचा ढीग झाला आणि एकदम गोल झाल्याचा लाल दिवा लागला. मागच्या रांगेतल्या एका अनोळखी माणसाने मला मिठी मारली. मीही मारली. उरलेला वेळ गोलीने काढून दिला. आम्ही जिंकलो.

मी धावत बाहेर आलो. साडूभाऊ दाराकडे पाठ करून, स्केट्स भाड्याने देतात त्या काउंटरसमोर उभे होते. इतका गलबला ऐकूनही त्यांनी वळून पाहिलं नव्हतं.

"आपला?" त्यांनी तसंच विचारलं.

"आपला. तीन-दोन."

ते शेजारच्या बाकावर बसले. डोळे पुसून, म्हणजे टोपीने तोंड पुसल्यासारखं करून म्हणाले, "सांग, कसा झाला?"

आणि मी सांगू लागलो. गोल कुणी मारला? मोठा होता तो. सगळेच मोठे आहेत, नंबर काय? नंबर पाहिला नाही. पास कुणी दिला? निळ्याने. अरे, आपली सगळीच टीम निळी आहे. मागून आला की बाजूने? बहुधा मागून. साडूभाऊंनी कपाळावर हात मारला. अख्ख्या हंगामात एक गोल तुला बघायला दिला, ते म्हणाले, आणि तोही तू वाया घालवलास. गाडीपर्यंत ते मला बोलत होते. पार्किंगमधून मी बाहेर पडलो तरी आरशात त्यांचे हात हलताना दिसत होते. आता भाचीला विचारणं चाललं असावं.

ते टूवूंब्याला गेले. सेमीफायनल आम्ही सपाटून हरलो. मी फोनवर सांगितलं तर म्हणाले, असू दे, मुलांनी खूप केलं. वर्षाअखेरीला ताई आणि भाचीही गेल्या. ताई सांगते, ते सकाळी वेळेवर निघतात, वेळेवर येतात, लॉन कापतात. रोज दाढी करतात. तिथे गाडीशिवाय पान हलत नाही आणि बर्फाचं मैदान औषधालाही नाही. नवीन छंद अजून लागलेला नाही. घरात सगळ्यांना हायसं वाटतंय. मलाही वाटायला हवं. माझे शनिवार आता माझे आहेत, आणि त्यांचं काय करावं ते मला सुचत नाही.

परवा असाच रिकामा बसलो होतो, तर टीमच्या पानावर त्या शेवटच्या मॅचचा व्हिडिओ सापडला. तो गोल मी पुन्हा पुन्हा पाहिला, थांबवून, मागे नेऊन. मग साडूभाऊंना फोन लावला आणि म्हटलं, आता मला कळलं तो कसा झाला ते. फिजिओने गोलच्या मागून पास दिला आणि सुताराने मारला.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "त्याच दिवशी पाहिला."

मी ओशाळलो. मग फोन ठेवू का, असं विचारणार होतो.

"पण तू सांग ना," साडूभाऊ म्हणाले. "तू आत गेलास तिथपासून सांग."

मी सांगायला लागलो. एक-दोन ठिकाणी चुकलो ते माझं मलाच कळलं. पण त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही.