न मिटणारा चाकू

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात मालक सुट्टीवर आले. मालक म्हणजे माझा नवरा; फौजेत होते आणि वर्षातून एकदाच घरी यायचे. कोरेगावजवळच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं सुट्टीवर आलेल्या माणसाचं कुणाला फारसं अप्रूप नसायचं. आधी पोटभर झोपायचं, मग उसाकडं चक्कर, मग पावण्यारावळ्यांच्या गाठीभेटी. त्या खेपेला यातलं काहीच झालं नाही. आले त्याच्या दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "मला एक चाकू घ्यायचा हाय. साताऱ्याला जाऊ. तू बी चल."

मला आनंदच झाला. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं मिळून कुठं बाजाराला गेलो नव्हतो. चाकू कशाला, असं मी विचारलं तर "वर बर्फात लागतो" एवढंच उत्तर मिळालं.

साताऱ्यात जो तो दुकानदार हौसेनं खटका दाबून चाकू उघडून दाखवायचा. मालक बघायचेही नाहीत. "मिटणारा नको. सलग पात्याचा दावा." मग कुणी भाजीची सुरी काढायचा, कुणी नारळ सोलायचा कोयता. एकानं खरंच चांगला सुरा दाखवला. मालकांनी तो कानाशी धरून मुठीवर टिचकी मारली आणि परत ठेवला. "पातं मुठीत अर्ध्यावर संपलंय. जोर लावला की नुसती मूठ हातात ऱ्हाईल." दुकानदार म्हणाला, "एवढा जोर लावायचाय कशाला?" मालक पायरी उतरले.

संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी आलो. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "चाकूसाठी यवढं? पोराचं काय बिनसलंय का?" मला तरी काय ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात सांगलीला गेलो. तिथल्या पेठेत शिकारीचं सामान ठेवणारं एक दुकान कुणीतरी सांगितलं होतं. दुकानदार म्हातारा, बोलायला गोड. त्यानं म्यानासकट तीन-चार सुरे फडक्यावर मांडले. एकाची मूठ सांबरशिंगाची होती, एकाची पितळेची, एकाची साध्या काळपट लाकडाची. लाकडाच्या मुठीला टोकाशी भोक होतं आणि त्यात चामड्याची वादी ओवलेली होती. मुठीच्या दोन्ही कडांना पात्याचं लोखंड थेट शेवटापर्यंत दिसत होतं. मालक एकेक उचलून बघायला लागले तसा म्हातारा म्हणाला, "फौजी, घडीचा घ्या की. खिशात मावतो. हे धूड कमरेला बांधून कशाला हिंडायचं?"

मालकांनी हातातला सुरा फडक्यावर ठेवला. मग माझ्याकडं पाठ करूनच बोलायला लागले.

"घडीचाच व्हता माझ्याजवळ. तंबूवर बर्फ कोसळला तवा माझा जोडीदार आत व्हता. औंधाचा. मी हातानं बर्फ उकरला. तंबूचं कापड लागलं. आतनं त्येची हाक येत व्हती, माझं नाव घिऊन. कापड फाडायला चाकू काढला, पर बोटं मेलेली. नखानं पातं उघडंना. दातानं उघडलं. खुपसलं तर ते उलटं मिटलं, माझ्याच बोटांवर. पुन्यांदा उघडलं. तवर हाक थांबली व्हती."

त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर आडवा वण होता. डबा उघडताना लागलं, असं मला सांगितलं होतं. आले त्या दिवशी जखम ओलीच होती, मी तिच्यावर हळद लावली होती.

दुकानासमोर सरबताची गाडी होती, तिच्यावर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी. मालक खाली उतरले आणि दोन्ही हात त्या लादीवर दाबून उभे राहिले. सरबतवाला आधी हसला. लोक थांबून बघायला लागले. बोटं बधिर झाल्यावर त्यांनी मला दुकानातले सुरे आणून एकेक करून समोर धरायला सांगितले. शिंगाची मूठ दोनदा हातातनं सुटून रस्त्यावर पडली. पितळेची तर धरवेचना. लाकडाचा मात्र वादीत मनगट अडकवून त्यांनी म्यानातनं बाहेर ओढला आणि गोणपाटात खुपसून एका दमात खालपर्यंत फाडत नेला.

"मिळाला न्हवं? चला आता," मी म्हटलं.

त्यांनी सुरा माझ्याकडं दिला आणि हात परत बर्फावर ठेवले.

"आवं, बोटं निळी पडली!" मी त्यांचं मनगट धरून ओढलं. ते हलले नाहीत. मान एका बाजूला कलली होती.

"गप," म्हणाले. "ऐकू दे."

शेवटी दुकानदार आणि सरबतवाला, दोघांनी मिळून त्यांना मागं घेतलं.

येताना विट्यावरून आलो आणि औंधला उतरलो. तसं ठरलेलं नव्हतं. गाडी थांबली आणि मालक उठले. यमाईच्या डोंगराच्या पायथ्याला जोडीदाराचं घर. त्याच्या आईनं आम्हाला घोंगडं अंथरलं, चूल पेटवली. मालकांच्या समोर बसून तिनं विचारलं, "लय हाल झालं का रं त्येचं?"

"न्हाई, मावशी. झोपंतच गेला. कळलं बी नसंल त्येला."

"तू व्हतास न्हवं जवळ?"

"व्हतो."

"मग बरं. लेकरू माझं परक्यात न्हवतं," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच रडली.

मालक उठून बाहेर गेले. चहा तसाच गार झाला. निघताना तिनं माझ्या ओटीत तांदूळ घातले आणि बजावलं, "दर सुट्टीला घिऊन येत जा त्येला. त्येला बघितलं की बरं वाटतं."

सुट्टी संपली, मालक सुरा घेऊन परत वर गेले. त्या हिवाळ्यात तिकडं काही झालं नाही. कुणाला काही फाडायची वेळ आली नाही. मग छातीचं दुखणं निघालं आणि फौजेनं त्यांना कायमचं घरी पाठवलं. सुरा सामानात नव्हता. कुठं गेला ते मी विचारलं नाही.

मला वाटायचं, घरचं खाणं, आपली माणसं, शेतातलं काम यानं माणूस मार्गी लागेल. तसं झालं नाही. भर दुपारी जेवता जेवता ते ताटावरनं उठायचे, उसात शिरायचे आणि सरीतली माती हातानं उकरत बसायचे. दीर जाऊन घेऊन यायचे. मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलं, देवऋषी केला. पुढंपुढं आम्हीच जाणं सोडलं. आपले आपण परत यायचे, हात धुवायचे आणि गार झालेली भाकरी खायचे.

औंधला ते पुन्हा कधी गेले नाहीत. मी जायची, यमाईच्या जत्रेला. म्हातारी दरवेळी विचारायची, "झोपंतच गेला न्हवं गं?" मी म्हणायची, "व्हय, आत्या." मग विचारायची, "त्यो का येत न्हाई?" मी म्हणायची, तब्येत बरी नसते. तिला वाटायचं, आपल्याला विसरला. एकदा तसं बोलूनही दाखवलं.

म्हातारी गेल्याचा निरोप आला तेव्हा मालक सोप्यात बसले होते. मी जवळ बसून सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "बैलांना पाणी दावलं का?"

"दावलं," मी म्हटलं, आणि आत जाऊन पीठ मळायला घेतलं.