कापसाच्या तेजीत लावलेली झाडं

माळ्याजवळ किस्से साचतात, त्याला कारण आहे. आम्ही घरात शिरतो मागच्या दारानं, दिवसभर मान खाली घालून बसतो, आणि घरची माणसं आमच्यासमोर असं बोलतात, जणू तिथं नुसतं खुरपंच पडलंय. भांडणं, सोयरिकीची बोलणी, रडणं, सगळं कानावर येतं. संध्याकाळी हातपाय धुतले की माती निघून जाते. ऐकलेलं निघत नाही.

मी आणि माझा थोरला भाऊ, आम्ही दोघं अमरावतीत लोकांच्या घरच्या बागा करायचो. बोलावणं आलं तर अकोल्यालाही जायचो. भावाला सगळा माळीपुरा दादाच म्हणायचा, म्हणून मीही दादाच म्हणतो. वडिलांच्या वेळी आमचं काम भाजीपाल्याचं. मग तिकडं दूर अमेरिकेत लढाई लागली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. ज्यांच्या दारात तुळशीशिवाय झाड नव्हतं, त्यांना एकदम बागा हव्या झाल्या. माळ्यांचं नशीब उघडलं, असं लोक म्हणायचे. कसं उघडलं ते ऐका.

*

कापसाचे एक सेठ होते. नवं घर बांधलं, आणि फाल्गुनात मुलीचं लग्न काढलं. दादाला म्हणाले, अंगणात मोठा आंबा पाहिजे, वऱ्हाडी मंडळी त्याच्या सावलीत बसली पाहिजेत.

दादानं समजावलं. आता रोप लावा, आळं रुंद ठेवा, नातवंडं आंबे खातील. लग्नापुरती सावली पाहिजे तर मांडवावर झावळ्या टाकू. सेठ हसले. म्हणाले, "अरे भाई, शादी बेटी की है, नातू की नहीं."

मग आम्ही वलगावच्या बाजूचं एक तरणं झाड मुळाच्या मातीसकट खणून काढलं, गोणपाटात बांधलं. गाडी मिळेना, कारण गावातल्या सगळ्या गाड्या कापसाला लागलेल्या. सेठनं स्वतःच्या कापसाच्या गाडीतला माल उतरवला आणि झाड आणवलं. टेकू दिले, फांद्या छाटल्या, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. माघात ते झाड असं मोहरलं की पान दिसेना. लग्नाला आलेला जो तो वर बघायचा. सेठनं भर मांडवात दादाच्या डोक्याला पागोटं बांधलं.

घरी जाताना वाटेत दादानं ते काढून काखेत मारलं. मी विचारलं, काहून?

"मरतं झाड असंच मोहरते," दादा म्हणाला. "जाता जाता सारं देऊन टाकते."

सेठला सांगितलं काय, असं मी म्हटलं. तो म्हणाला, लग्नघर हाये, कसं सांगू.

वैशाखात मुलगी पहिल्या माहेरपणाला आली, तेव्हा त्या आंब्याच्या वाळक्या खोडाला दोरी बांधून लुगडी वाळत घातलेली होती.

*

बाळापूरकडच्या एका पाटलीणबाईंनी आम्हाला बोलावलं. जाऊन बघतो तर परसबाग कुठं दिसेना. मागच्या दाराच्या उंबऱ्यापासून थेट पऱ्हाटी लावलेली. आमच्याकडं कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. वांग्याचे वाफे, मेथी, आळू, कण्हेर, जास्वंद, सगळं पाटलांनी नांगरून टाकलं होतं. भाव असा असताना वांगी लावणारा माणूस खुळा, असं त्यांचं म्हणणं.

बाई दाराआड उभ्या राहून बोलल्या. भाजी बाजारातून येते, ती शिळी येते. कोथिंबिरीच्या काडीसाठी शेजारी जावं लागते. आता शेजारणीनंही परसात कापूसच लावला.

दादानं इकडं तिकडं बघितलं आणि फुटके माठ मागितले. त्यांच्या बुडाला खापऱ्या घातल्या, वर माती आणि कुजलेलं शेण, आणि घराच्या सपाट धाब्यावर ओळीनं मांडले. कोथिंबीर, पुदिना, दोन मिरच्या. भर उन्हात पाणी घालू नका, ऊन कलल्यावर घाला, एवढं सांगितलं. बाईंचा चेहरा थोडा खुलला. मग म्हणाल्या, देवाला फूल मात्र नाही. गौरीच्या सणाला पऱ्हाटीचं पिवळं फूल वाहिलं मी.

मी म्हटलं, तेही फूलच आहे, बाई. देवाला चालते.

"देवाले चाललं गा," त्या म्हणाल्या. "हे आले, देवापुढं हात जोडले, अन् मले म्हणे, हे फूल तोडलं कोन? तथी बोंड लागलं असतं."

*

अमरावतीत एका घरी कारंजं बांधलं. मुंबईचा मिस्त्री आणला, मधोमध दगडी कमळ, भोवती आम्ही लावलेला गुलाब. पण कारंज्याला पाणी वरून यावं लागतं, आणि वर पाणी न्यायला काही सोय नव्हती. म्हणून गच्चीवर हौद केला, आणि फत्तू नावाचा पाणक्या पाठीवर पखाल घेऊन शिडीनं वर चढायचा, हौदात ओतायचा, की खाली कमळातून पाणी उडायचं. पाहुणे आले की फत्तूला हाक. पाहुणे गेले की कारंजं बंद.

दादानं मालकांना एकदा सांगून बघितलं की बागेला एवढ्या पाण्याची गरज नाही, गुलाबाची मुळं कुजतील. मालक म्हणाले, बागेसाठी नाहीच ते, बघणाऱ्यांसाठी आहे.

एकदा मोठे साहेब आले, मडमेला घेऊन. उन्हाचे दिवस. दोघं कारंज्याजवळ खुर्च्या टाकून बसले, थंड वाटलं, उठेनात. मडम हात पुढं करून तुषार झेलायची आणि हसायची. मालक खूश. फत्तू वर-खाली, वर-खाली. मी गुलाबाजवळ बसलो होतो, मला त्याचे पाय दिसत होते. शिडीवर ते लटपटायला लागले होते. मी दादाकडं बघितलं. दादा उठला, एक पखाल आपण घेतो म्हणून निघाला, तेवढ्यात मागच्या बाजूला धपकन आवाज झाला.

पाणी कमी कमी होत गेलं आणि कमळ थांबलं. मालक बागेच्या या टोकाहून ओरडले, "काय झालं? बंद काहून पडलं?"

दादा फत्तूचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. तिथूनच म्हणाला, "पाणी सांडलं, मालक."

फत्तू वाचला, पण पाय सरळ झाला नाही. दुसऱ्या दिवशी नवा पाणक्या आला.

*

अकोल्याच्या कचेरीत कोकणातले एक कारकून बदलून आले होते. बायको तरुण, पहिलटकरीण. तिनं माहेराहून येताना नारळाचं रोप आणलं होतं, एवढा प्रवास मांडीवर घेऊन. ते कुठं लावू, म्हणून तिनं आम्हाला विचारलं.

आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की हात आत जावा. नाजूक मुळं त्यात तुटतात. मी सरळ बोलून गेलो, "हे मरते, बाई. लावू नका."

ती पांढरीफटक पडली. कारकून आतून धावत आले. म्हणाले, "घरात गरोदर बाई आहे, आणि मरते काय म्हणतोस? बोलायची काही रीत आहे की नाही तुम्हा लोकांना?" आमच्या बोलण्यात झाड मरते म्हणणं म्हणजे काही वाईट नाही. पण दादानं माफी मागितली आणि मला गप्प बसवलं.

मग आम्ही माणूसभर खड्डा केला, काळी माती बाहेर काढली, मुरूम, वाळू आणि शेणखत भरलं. वरून पालापाचोळ्याचा थर, उन्हाकडून पऱ्हाट्यांचा आडोसा. बाईनं त्या रोपाची निगा पोटच्या पोरासारखी राखली. आम्ही जायचो तेव्हा ती त्याच्याजवळच बसलेली असायची. म्हणायची, याला वारा खारा लागत नाही ना, म्हणून रुसलंय. पण रोपानं उन्हाळा काढला. नवा कोंब आला.

श्रावणात ती बाळंतपणात गेली. बाळही गेलं.

दिवाळीच्या सुमारास कारकुनांनी आम्हाला बोलावणं धाडलं. रोप उपटायचं असेल असं वाटून मी कुदळ घेऊन गेलो. ते त्याच्यापाशीच उभे होते. नारळ चांगला कमरेएवढा झाला होता.

"तू म्हणाला होतास हे मरेल," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो, म्हणलो होतो.

"मग हे जगलं कसं?"

मी कुदळ बाजूला ठेवली. ते आत निघून गेले. दादानं खाली बसून आळं नीट केलं, आणि आम्ही निघून आलो.

*

मग ती लढाई संपली. कापसाचा भाव असा पडला की सकाळचा माणूस संध्याकाळी ओळखू येईना. बाजारात गाठी तशाच पडून. आणि कोणाचाही धंदा बसायला लागला की पहिल्यांदा माळी जातो.

एका घरी आम्ही नुकतीच डाळिंबाची रोपं लावली होती. मालकांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मी गेलो नाही. दादा दुसऱ्या दिवशी गेलाच. दरवानानं अडवलं. म्हणाला, तुले तर काढलं ना?

"मले काढलं," दादा म्हणाला. "रोपाले कोन काढलं?"

दरवानानं आत सोडलं. काही दिवस असंच चाललं. मग एका सकाळी दरवान नव्हता आणि दाराला कुलूप होतं. घरची माणसं कुठं गेली, कोणाला ठाऊक नव्हतं. दादा मागच्या बाजूला गेला. तिथं भिंत ठेंगणी होती. तो घागर उचलून भिंतीवरून पाणी टाकायचा, आत कुठं पडतं ते दिसायचं नाही, आवाजावरून अंदाज. येणारे-जाणारे हसायचे. वहिनीनंही त्याला खूप बोलून घेतलं. तो पाऊस लागेपर्यंत जात राहिला.

पावसाळ्यानंतर ते घर दुसऱ्याकडं गेलं. नव्या मालकानं सगळी डाळिंबं तोडून तिथं घोड्याचा तबेला बांधला. ते मी बघून आलो, आणि घरी येऊन दादाला सांगितलं. तो जेवत होता.

"पावसापर्यंत तर जगली," एवढंच म्हणाला, आणि भाकरी मोडली.

*

आणि त्यानंतर पाऊसच पडला नाही ते साल आलं.

विहिरींना तळ दिसले. बाया पहाटेपासून घागरी मांडून बसायच्या. बागेचं काम कोण देणार? तरी आम्ही ओळखीच्या घरी चक्कर टाकायचो. दादा प्रत्येक घरी एकच सांगायचा, एक झाड निवडा, बाकीच्यांचा लोभ सोडा, आणि भांडी घासल्याचं, हात धुतल्याचं पाणी त्या एकालाच द्या.

अमरावतीतच मसानगंजाकडं राधाबाई नावाची म्हातारी होती. घर साधंच, मुलगा कापसाच्या गाठी दाबायच्या कारखान्यात हमाल, सून यशोदा, दोन लेकरं. परसात तिनं पारिजात, कर्दळी, जाई, किती काय लावलेलं. दादाचं ऐकून तिनं एक मोगरा ठेवला. बाकीचं डोळ्यांदेखत वाळू दिलं. आणि अंघोळीचा दगड आमच्याकडून उचलून मोगऱ्यापाशी ठेवून घेतला. दोन बाजूंना जुनं धोतर बांधलं. रोज तिथं बसून तांब्याभर पाणी अंगावर घ्यायची.

यशोदा त्यावरून रोज भांडायची. पाणी आणायची तीच. पार दूरच्या विहिरीवरून डोक्यावर आणायची, अनवाणी. मी वाळक्या फांद्या तोडत असायचो आणि ऐकत असायचो. म्हणायची, "इथं लेकराच्या घशाले पानी नाई, अन् बुढीले फुलं पाह्यजे."

"मी कुठी झाडाले देऊन राहिली?" म्हातारी म्हणायची. "मी माह्या अंगावर घेतो. खाली कुठी जाते ते पानीच जाणे."

मग यशोदा तांब्या लहान करायची. पेल्यावर आणला तिनं शेवटी. म्हातारी पेल्यानं न्हायची, पण बसायची त्याच दगडावर. दोघींचं बोलणं बंद झालं. मोगऱ्याला पानं राहिली, फूल काही आलं नाही.

जेठात गावात पटकीची साथ आली. राधाबाई एका रात्रीत गेली. आम्ही गेलो तेव्हा दुपार होत आली होती. मुलगा उंबऱ्यात बसून होता. शेजारच्या बाया जमल्या होत्या आणि हळू आवाजात बोलत होत्या, की न्हाऊ कसं घालायचं, पाणी कुठाय. कोणी म्हणालं, ओल्या फडक्यानं पुसून घ्या, अशा सालात चालते. समोरच्या अंगणात पाट मांडला होता.

तेवढ्यात यशोदा विहिरीवरून आली. डोक्यावर घागर, काठोकाठ भरलेली. घरातलं त्या दिवसाचं पाणी ते तेवढंच. सकाळपासून ती तिकडंच गेलेली होती. तिनं अंगणातला पाट बघितला. डोक्यावरची घागर उतरवली नाही.

"इथं नका," ती म्हणाली. "मांगं घ्या त्याईले. मोगऱ्यापाशी."

आणि बायांच्या पुढं होऊन ती भरली घागर घेऊन परसाकडं चालत गेली.