सरकारचा डबा

त्याला सगळे मऊशेठ म्हणत. शेठ कसला, सोफे भरणारा कारागीर! पण त्याने भरलेल्या खुर्चीत बसलं की माणसाला उठवत नसे, आणि पैशांचा तगादा लावायची वेळ आली की याची जीभ उचलत नसे. भीड भिकेची बहीण म्हणतात ना, ती बहीण याच्या दुकानात कायमची मुक्कामाला होती.

हिशेब बायको बघायची. बाई मोठी शिस्तीची. गिऱ्हाइकाचे पैसे आले की त्यातला विक्रीकर तिथल्या तिथे वेगळा काढून ती बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. "हा सरकारचा डबा. घरात मीठ नसलं तरी याला हात लावायचा नाही," असं तिने लग्न झाल्या झाल्याच बजावलं होतं. विवरणपत्रं तीच वेळेवर लिहून द्यायची. कार्यालयात जाऊन कागद देणं आणि पैसे भरणं, एवढंच मऊशेठचं काम होतं.

मग एका नव्या हॉटेलाने झाडून सगळ्या खुर्च्या त्याच्याकडून करून घेतल्या. कापड उधारीवर आणलं, फोमसाठी बँकेचं कर्ज काढलं. खुर्च्या गेल्या, हॉटेल उघडलं आणि मालकाने एके दिवशी पैसे न देताच पोबारा केला. त्याच आठवड्यात दुकानातले म्हातारे उस्ताद मऊशेठसमोर येऊन उभे राहिले. त्यांची बायको दवाखान्यात होती आणि पगार दोन महिन्यांचा थकला होता. मऊशेठने त्या संध्याकाळी घरी कुणी नसताना डबा उघडला. पुढच्या आठवड्यात परत टाकू, असं त्याने स्वतःला सांगितलं. असे पुढचे आठवडे कुणाचे कधी आलेत? आधी उस्ताद, मग बाकीचे दोघे कारागीर, असं करत डबा रिकामा झाला.

बायको धूळ पुसताना डबा उचलायची, म्हणून या शहाण्याने त्यात सोफ्याचे खिळे भरले, तेही खळखळू नयेत म्हणून रेक्झिनच्या तुकड्यांत गुंडाळून! "यंदा मुदत वाढवली आहे, एकदम भरायचं म्हणालेत," असं त्याने दर वर्षी ठोकून दिलं, आणि डब्यात पैसे टाकायचं कामही स्वतःकडे घेतलं. तिने विश्वास ठेवला. विवरणपत्रं जात राहिली, पैसे काही गेले नाहीत.

शेवटी दिवाळखोरीचा अर्ज करायचं ठरलं. वकीलबाईंच्या जिन्यात मऊशेठ मध्येच थांबला.

"तू खाली थांब ना. चहा घे," तो बायकोला म्हणाला.

"दिवाळं काय तुमच्या एकट्याचं निघालंय?" म्हणत ती त्याच्या पुढे जिना चढली.

वकीलबाई बोलायला चांगल्या होत्या. "अर्ज केला की वसुलीवाले तूर्त थांबतील. पण थांबले म्हणजे माफ झालं असं नाही हं. बँकेचं कर्ज, कापडवाल्याची उधारी यातून सुटका होईल. तुमच्या स्वतःच्या कमाईवरचा जुना करही सुटेल, कारण विवरणपत्रं वेळेवर गेलीत. ते कुणी केलं?"

"मी," बायको म्हणाली.

"छान केलंत. आता राहिला विक्रीकर. तो गिऱ्हाइकाने राज्यासाठी दिलेला पैसा. तुम्ही त्याचे नुसते राखणदार. तो कोर्टसुद्धा सोडत नाही."

"त्याची काळजीच नको बाई," बायको ताठ बसून म्हणाली. "तो सगळा घरी डब्यात आहे. एक पैसा हललेला नाही."

"अहो, मग प्रश्नच मिटला! उद्याच भरून टाका."

बायकोचा तो ताठ मान केलेला चेहरा मऊशेठला बघवेना. त्याने टेबलाच्या कडेकडे बघत सांगितलं, "डब्यात खिळे आहेत."

घरी आल्यावर तिने डबा जमिनीवर ठेवला, उघडला, एकेक पुडी सोडली.

"उस्तादांना दिलेत?"

"हो. आणि त्या दोघांना."

"मग मला का नाही सांगितलंत? मी नाही म्हटलं असतं म्हणून?"

"तू हो म्हटलं असतंस," तो म्हणाला. "तुझा नेम माझ्यापायी मोडला असता. ते मला बघवलं नसतं."

"आणि मी इतकी वर्षं खिळ्यांवरची धूळ पुसत होते, ते बघवलं?" असं म्हणून ती रडायला लागली. मऊशेठला त्या वेळी बँक, कोर्ट, कर कार्यालय सगळं परवडलं असतं, हे रडणं परवडत नव्हतं. बिचाऱ्याला धड जवळही जाता येईना.

पुढे दुकान गेलं. कर्जं सुटली. विक्रीकर दंडासकट राहिला, पण त्याचे हप्ते बांधून मिळाले. मऊशेठ दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर जायला लागला. निघताना बायकोने खिळ्यांचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. "हे तुमचं. कामाला न्या," एवढंच म्हणाली.

पहिला पगार घेऊन तो घरी आला. डबा फळीवर नेहमीच्या जागी होता, पण उघडा.

"झाकण कुठंय गं?"

"भंगारवाल्याला दिलं," ती आतून म्हणाली आणि हात पुसत बाहेर आली. "टाका पैसे. मी बघतेय."

मऊशेठने एकेक नोट तिला दाखवून डब्यात टाकली.