केशरबाईची मिसरी

बोरीच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या केशरबाईला मिसरी लावली ती तिच्या सासूने. लग्नाला आठवडाही झाला नव्हता, पोरगी पंधरा वर्षांची. बायकांनी उजाडायच्या आत रस्त्याच्या कडेला जाऊन यायचं. जिंतूरकडून गाडीचा उजेड आला की उठून उभं राहायचं, गाडी गेली की परत बसायचं. असल्या उठाबशांत नव्या नवरीला कुठून होणार? चौथ्या दिवशी पोटाचा दगड झाला. सासूने तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू तिच्या बोटावर ठेवली. "घास दाताला. आत्ता लागतीय बघ." आणि खरंच लागली. औषध म्हणून आलेली मिसरी मग सदतीस वर्षं मुक्कामाला राहिली.

पुढे घरात संडास आला, पण केशरबाईचं पोट काही सुधारलं नाही. दिवसभर शाळेत चुलीपुढे, पाण्याचा घोट नाही, कारण प्यायलं की जावं लागतं. दुपारी पातेल्याच्या बुडाची खिचडी, रात्री पुन्हा भातच. सकाळी मिसरी लावली तरच काय व्हायचं ते व्हायचं.

मग गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. गावची आशाताई सत्यशीला ही केशरबाईच्या धाकट्या जावेची सून. ती म्हणाली, "आत्याबाई, मिसरी आजपासून बंद. ह्यानं कॅन्सर व्हतो."

केशरबाई घाबरली. डबी उकिरड्यावर फेकली. पाचव्या दिवशी पोट फुगलं, भूक मेली, कुंथून कुंथून रक्त पडलं. सहाव्या दिवशी दुकानातून नवी पुडी आली. असं तीनदा झालं. दर वेळी सत्यशीला चिडायची आणि केशरबाई खाली मान घालायची. घरचे म्हणाले, बाईला चटक लागलीय. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात, इथे तर जावेची सून! सांगणार काय, कपाळ? आपल्याकडे लेकराच्या शीची चर्चा अंगणभर चालते, बाईच्या पोटाचं मात्र नाव काढायचं नाही. लाजेपायी मरतील, पण बोलणार नाहीत.

यात दीड वर्ष गेलं. शेवटी एके दिवशी सत्यशीला न रागावता तिच्या शेजारी येऊन बसली. "आत्याबाई, सोडून परत का लावता? खरं सांगा."

केशरबाईने उठून आधी दार लावलं. "मिसरीबिगर मला व्हतच न्हाई, बाई."

सत्यशीलाने कपाळावर हात मारला. "मग हे आधी न्हाई का सांगायचं?"

"तू कवा इचारलंस?"

सत्यशीला मग जवळ सरकून एकेक विचारत गेली: काय खाता, पाणी किती पिता.

तिने सांगितलेले उपाय साधेच होते. उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी, शाळेतही बाटली जवळ. रात्री भाताऐवजी न चाळलेल्या पिठाची ज्वारीची भाकरी, सोबत तांदुळजा नाहीतर मेथी, आणि पेरू मिळाला तर बियांसकट. चहा झाला की रोज त्याच वेळी बसायचं, कुंथायचं नाही. आणि लागली की दाबून ठेवायची नाही. हे शेवटचंच सगळ्यात जड गेलं. उकळतं पातेलं दुसऱ्या बाईवर सोडून उठायचं म्हणजे तिला चोरी केल्यासारखं वाटे. पहिले दोन आठवडे हाल झाले, बोट आपोआप दाताकडे जायचं. पण चौथ्या आठवड्यात एका सकाळी मिसरीशिवाय पोट मोकळं झालं. केशरबाई तशीच सत्यशीलाच्या दारात गेली. "झालं गं!" म्हणाली आणि पोरगी दहावी पास झाल्यासारखी हसली.

दोन महिन्यांनी चट्ट्याच्या जागी जखम झाली, ती भरेना. परभणीला दवाखान्यात तुकडा काढून तपासला. तो कॅन्सर निघाला.

"पर मी तर मिसरी सोडली ना, साहेब," केशरबाई म्हणाली.

"चांगलं केलं," डॉक्टर म्हणाले. "पण उशीर झाला, मावशी. जबड्याचा तुकडा काढावा लागेल."

त्या दिवशी सत्यशीला बाहेरच्या बाकावर बसून ओक्साबोक्शी रडली. केशरबाईनेच तिला पाणी दिलं.

ऑपरेशनच्या सकाळी सत्यशीला उशाशी बसली होती. नर्स हातात कागद घेऊन एकेका कॉटपाशी येत होती. "मावशी, पोट साफ झालं का?" साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं.

"व्हय. रोज व्हतंय आता."

नर्सने खूण केली आणि पुढच्या कॉटकडे वळली. तोच प्रश्न, तोच आवाज. केशरबाई तिच्याकडे बघत राहिली.

"सत्यशीला," ती म्हणाली, "एवढंच इचारायचं असतंय व्हय गं?"